नोंद १४ : राजधानी डोंगराच्या चुकीच्या बाजूला

मी रचत असलेल्या काल्पनिक बेटावरचं ओरवण साम्राज्य रविवारी कोरडं पडलं. सातच्या सात नद्या गेल्या. मागच्या नोंदीत ज्या भातखाचरांवर मी एवढी मिरवले होते, तीही गेली.

नकाशावर वाऱ्यांचा थर चढवणं मी तीन महिने टाळत होते. गावांना नावं ठेवायची, सणांची गाणी जुळवायची सोडून बाण कोण काढत बसणार! शेवटी रविवारी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडलं, बाण काढले, आणि कळलं की सगळा वारा बेटाच्या डोंगरकण्यावर भलत्याच बाजूने आदळतोय.

बेट १८ ते २२ अंश उत्तरेवर आहे, हे तुम्हाला आठवत असेलच. खुल्या महासागरात त्या पट्ट्यात बहुतेक वर्षभर व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. मधे उत्तर-दक्षिण पसरलेला कणा. म्हणजे पाऊस पूर्वेच्या उतारावर सांडणार आणि पश्चिमेच्या वाट्याला पर्जन्यछाया. माझी राजधानी तिरूम पश्चिमेला! हवाईचं मोठं बेट साधारण याच अक्षांशांवर आहे. तिथे पूर्वेच्या हिलोत वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि पश्चिमेच्या कावाइहाएजवळ ३०० सुद्धा नाही. शिवाय या पट्ट्यात दोन-अडीच हजार मीटरच्या आसपास उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं, ढग सहसा त्याच्या वर चढत नाहीत. मी कण्याची उंची ठेवली होती ३,४०० मीटर. म्हणजे माथाही कोरडा. 'बर्फातून जन्मलेली नदी' हे अख्खं गाणं बाद.

चूक कुठून आली ते कळलं तेव्हा हसूच आलं. मराठी माणसाच्या डोक्यात पाऊस पश्चिमेकडूनच येतो. कोकण ओलं, घाट चढून पलीकडे गेलं की माणदेश कोरडा. मी महासागराच्या मधोमध सह्याद्री उभा केला आणि वारा मात्र तपासलाच नाही.

मग सुरू झाली डागडुजी. नकाशा आरशात धरल्यासारखा उलटवावा, तर तिरूमचा सगळा धर्म समुद्रात बुडणाऱ्या सूर्यावर उभा आहे. दिवे त्या वेळेचे, अंत्यविधी त्या वेळेचे. धाकट्या भावाला सांगितलं तर म्हणाला, "काहून एवढं डोकं लावून राह्यली? ग्रहच उलटा फिरव नं!" अर्धा तास मलाही ते पटलं होतं. पण ग्रह उलटा फिरवला तर सूर्यही पलीकडून उगवणार आणि व्यापारी वारेही पलीकडूनच येणार. म्हणजे ज्या बाजूला सूर्य उगवतो ती बाजू ओली, जिकडे मावळतो ती कोरडी, हे काही बदलत नाही. मावळतीची पूजा करणाऱ्यांच्या नशिबी कोरडी बाजूच.

दुसरा उपाय मोसमी वाऱ्यांचा. जवळ मोठा खंड आणून ठेवला की चार महिने नैर्ऋत्येचा पाऊस मिळतो. सोमवारची रात्र त्यात घालवली. खंड आणला, तापवला, पाऊस पाडला, आणि मग जाणवलं की मोसमी वारा एकटा येत नाही, सोबत गलबतं आणतो. २ हजार वर्षांपूर्वी इजिप्तहून निघालेली जहाजं याच वाऱ्यावर मलबारला यायची आणि वारा उलटला की परत जायची. जाण्या-येण्याची इतकी सोय असेल तर ते बेट एकाकी कसलं? मिऱ्यांचं बंदर झालं असतं आठवड्यात. खंड पुसला.

मंगळवारी जेवताना बाबांनी नकाशाकडे पाहिलं. त्यांचं बालपण भंडाऱ्याकडचं. म्हणाले, "पाऊस नाही पडत तं न पडू दे. पाणी अडवते का नाही तुझा राजा? आमच्याकडं तलाव काय नद्यांच्या भरवशावर होते?"

हात तिथेच थांबला माझा.

पूर्व विदर्भातले मालगुजारी (मालगुजार म्हणजे तिथले जमीनदार) तलाव! गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, पाळ घालून उताराचं पाणी अडवलेले, एका तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, सोडलेला. आणि श्रीलंका तर डोळ्यासमोर होती. अनुराधापूर आणि पोलोन्नरुवा या दोन्ही जुन्या राजधान्या बेटाच्या कोरड्या भागात, तलावांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या. म्हणजे तिरूम हलवायचं नाहीच. राजधानी कोरड्या बाजूला आहे म्हणूनच तिथे साम्राज्य झालं. पूर्वेला, ज्या भागाला मी आता 'झड' म्हणते, तिथे पाणी फुकट आहे, म्हणून वस्त्या सुट्या सुट्या, कुणी कुणाचं ऐकत नाही. पश्चिमेला खिंडींतून ओसंडणारे ढग आणि हिवाळ्यातली दोन-तीन वादळं, एवढंच पाणी. ते धरून ठेवायला शंभर गावांनी एकत्र पाळ बांधावी लागते, आणि पाळ आली की हिशेबनीस आला, त्याच्यामागे कर आला.

बुधवार-गुरुवार तलावांची उतरंड काढली. अकरा तलाव झालेत. पाणी सोडायच्या तोंडाला बाबा तुडूम म्हणतात, तो शब्द थोडा वाकवून ओरवणी भाषेत घेतला : 'तुरूम', म्हणजे तोंडही आणि न्यायाधीशही. मला फार आवडलाय हा.

आता हत्यारांबद्दल. डोंगराचे उठाव मी अजूनही हातानेच काढते. आपोआप नकाशा करणारी साधनं किनारा सुंदर देतात, पण नद्या तपासून घ्या. माझ्याकडच्या एकाने नदी समुद्राकडे जाताना दोन ठिकाणी फोडली होती, तीही डोंगरात. बटर पेपर मात्र मे महिन्यात कूलरसमोर पसरू नका. वाळ्याच्या ताटीतून येणाऱ्या ओल्या हवेने माझा पूर्व किनारा चार मिलिमीटर फुगला, म्हणजे प्रमाणाप्रमाणे आठ किलोमीटर. आणि ज्या दुकानात मोठी प्रिंट काढली, तिथल्या पोट्ट्याने 'पानात बसवा' दाबून माझी मोजपट्टीच खोटी केली. प्रिंटवर नेहमी दहा सेंटिमीटरची रेघ काढून ठेवा आणि दुकानातच फूटपट्टी लावून बघा.

एक गोष्ट मात्र तावून सुलाखून निघाली. तिरूम २१ अंशांवर ठेवलं ते नागपूरचं बघून, म्हणजे सावल्या गच्चीवरच तपासता येतात. २६ मेला दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास पाइपचा तुकडा उभा ठेवला, सावली गुडूप. जुलैच्या मध्यात पुन्हा तेच होणार. 'बिनसावलीचे दोन दिवस' हा सण त्यामुळे जसाच्या तसा राहतोय, फक्त आता त्या दिवशी भात लावत नाहीत, तलावांची पातळी मोजतात.

हे लिहिताना आणखी एक सुचतंय. बेटाचे पूर्वज पश्चिमेच्या खंडातून, वाऱ्याच्या विरुद्ध आले कसे, हा प्रश्न नोंद ६ पासून लोंबकळतोय. पॉलिनेशियाचे दर्यावर्दी व्यापारी वारे मंदावून पश्चिमेचा वारा सुटायची वाट पाहायचे. प्रशांत महासागरात एल निनोच्या वर्षी हे वारे दुबळे होतात. मग ओरवणमध्येही अशी 'उलट्या वाऱ्याची वर्षं' हवीत. त्या वर्षी झडमध्ये पाऊस कमी, आणि त्याच वर्षी क्षितिजावर परकी शिडं! दुष्काळ आणि पाहुणे एकदमच येत असतील, तर या लोकांच्या भाषेत दोघांना एकच शब्द असेल.

म्हणजे दरबाराच्या वंशावळीची ठरलेली नोंद पुढे ढकलते. शिवाय मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चे मामा तलाव झाले, तेव्हा गावाचं त्यांच्याशी नातं कसं बदललं, ते बाबांकडून नीट ऐकायचंय. तिरूमच्या एखाद्या सम्राटाने अकराही तुरूम राजवाड्याच्या ताब्यात घेतले, तर गाळ कोण काढणार? शनिवारी भंडाऱ्याला जातोय. जाता जाता सीताबर्डीतून बटर पेपरचा नवा रोल घ्यायचाय, बारावा तलाव काढायला जागा उरली नाही.