रोडकिंग ८१ : क्रँक, किक आणि सिमेंटचा एक जुना अर्ज

मार्चअखेर

मंडळी, बाबांच्या १९८१ च्या येझदी रोडकिंग मोटरसायकलचं इंजिन शेवटी उघडलं. गाडी दिवाळीत एकोणीस वर्षांनी सुरू झाली तेव्हा मी पेढे वाटले होते. ते जरा घाईचंच झालं. धूर पांढरा, प्लग दर दोन दिवसांनी काळा आणि ओला, आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत चाललेलं. खाली फरशीवर मात्र एक थेंब नाही. जावा-येझदी पाळणाऱ्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. क्लचच्या बाजूचं क्रँकचं (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरतो त्या दांड्याचं) ऑइल सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून पितं आणि सायलेन्सरमधून सोडून देतं. डायनामोच्या बाजूचं गेलं तर उलटा प्रकार होतो. बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी आयडलिंगला उगाच बोंबलायला लागते. टू-स्ट्रोकची क्रँककेस म्हणजे पंपच, तो हवाबंद नसेल तर कार्बोरेटरला कितीही शिव्या घाला, उपयोग नाही.

दोन्ही सीलं काढली तर बेकलाइटसारखी कडक. बोटाने दाबली तर कट्टकन मोडली.

सीलांवर भागलं असतं तर बरं होतं. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला, तर बिग एन्डला, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो तिथे, खेळ. म्हणजे क्रँक प्रेसवर उघडणं आलं. नाना पेठेत दोन दिवस फिरून रॉड किट मिळालं, पिस्टन मात्र हव्या त्या मापाचा नव्हता. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटरचा, आमचा आधीच ०.५० ने वाढवलेला. आता ०.७५ करायचा, आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हात लावायचा नाही हा लेथवाल्या मिस्त्रींचा नियम. "आधी नवरी, मग मांडव," असं ते म्हणतात. मी मान डोलावली. वाद घालायची माझी पात्रता नाही.

एप्रिल

पिस्टन आला नाही, म्हणून या महिन्यात नुसती साफसफाई. सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन रात्री ठेवले, आतून चाळीस वर्षांचा कार्बन निघाला. टाकीत मूठभर नट-बोल्ट टाकून आळीपाळीने हलवली. माझ्या मुलाने तासाला पन्नास रुपये मजुरी लावली आणि वीस मिनिटांत राजीनामा दिला.

डाव्या टूलबॉक्सच्या तळाशी, जुन्या प्लगपान्याखाली, तेलकट प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद सापडले. एक पतपेढीच्या कर्जाची पावती, नोव्हेंबर १९८१ ची, गाडी घेतली तेव्हाची. दुसरी टंकलेखन केलेली कार्बन कॉपी : घरबांधणीसाठी सिमेंटच्या ५० गोण्या मिळाव्यात म्हणून तहसीलदारांना अर्ज. खाली सही आजोबांची, पण भाषा बाबांची आहे. 'सबब विनंती की' असं बाबाच लिहायचे. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने कोणीतरी आकडा टाकलाय : १२.

तरुण मंडळींना सांगतो, त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. दुकानात जाऊन पैसे टाकले आणि गोणी उचलली असं नव्हतं. परमिट लागे, परमिटाला अर्ज लागे, आणि अर्जाला ओळख लागे. स्कूटरसाठी तर लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. आमच्या घरी येझदी आली तीही स्कूटरचा नंबर येईना म्हणूनच. आजोबांचं घर रायगड जिल्ह्यात, गोरेगावजवळ. हा मुंबईचा गोरेगाव नव्हे, लोणेरे फाट्यावरून आत जातो तो. तिथून पुढे सावित्रीच्या काठावर आंबेत, बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव. तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. आपल्याच भागातला माणूस वर बसलेला आणि आपल्याला १२ गोण्या, यावर आजोबा म्हणे जन्मभर विनोद करत.

पिस्टन येईपर्यंत रिकामाच होतो, म्हणून अंतुल्यांचा सिमेंटचा खटला वाचायला घेतला. गाडीपेक्षा गुंतागुंतीचा निघाला.

मे

पिस्टन आला. बोअर झाला. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने सरळ करताना मिस्त्रींनी तांब्याच्या हातोडीने जे काही केलं ते बघण्यासारखं होतं. एक टोला, गेज बघायचं, पाऊण टोला, परत गेज. मी श्वास धरून उभा. काटा दोन-तीन शतांशांत आला तेव्हा त्यांनी चहा मागवला.

खटल्याचं थोडक्यात सांगतो, कारण क्रँकवरून मला तोच आठवत होता.

ए. आर. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारखे ट्रस्ट निघाले, आणि १९८१ च्या ऑगस्टअखेरीस अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये लिहिलं की बिल्डर या ट्रस्टांना देणग्या देतात आणि त्यांना सिमेंट मिळतं. पी. बी. सामंत वगैरे मंडळी उच्च न्यायालयात गेली. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की देणगी आणि सिमेंट यांचा संबंध आहे. अंतुल्यांनी राजीनामा जाहीर केला, आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. (निकालाच्या दिवशी बाबा फोर्टातल्या ऑफिसातून सुटून हायकोर्टाच्या आवारात उभे होते असं काका सांगतात. आई म्हणते काहीतरीच, त्या दिवशी ते तापाने घरी पडले होते.) आणि फेब्रुवारीअखेर केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं. म्हणजे आजोबांनी तीन-चार महिने कळ काढली असती तर अर्जच करावा लागला नसता.

फौजदारी खटला मात्र वेगळा. तो केला भाजपच्या रामदास नायकांनी, खाजगी फिर्याद म्हणून. सुरुवातीला प्रश्न आला मंजुरीचा : लोकसेवकावर लाचलुचपतीचा खटला भरायचा तर सरकारची परवानगी हवी. मुख्यमंत्रिपद तर गेलं होतं, राज्यपालांनी त्या पदापुरती मंजुरीही दिली. पण अंतुले आमदार होते. आमदार लोकसेवक असेल तर त्याचीही वेगळी मंजुरी हवी, असं म्हणत विशेष न्यायाधीशांनी जुलै १९८३ मध्ये त्यांना सोडून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८४ ला सांगितलं की आमदार त्या अर्थाने लोकसेवक नाही, आणि ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद खटला दाखल करून घेताना हातात नसेल तर मंजुरीचा प्रश्नच येत नाही. त्याच निकालात न्यायालयाने, लवकर व्हावं म्हणून, खटला विशेष न्यायालयाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला.

इथेच क्रँक वाकडा झाला.

उच्च न्यायालयात फिर्यादीच्या ५७ साक्षीदारांची साक्ष झाली. आधी २१ आरोप निश्चित झाले, बाकीचे वगळले, सर्वोच्च न्यायालयाने तेही पुन्हा घ्यायला लावले, आणि १९८६ मध्ये ७९ आरोप ठेवले गेले. मग २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं की खटला उच्च न्यायालयाकडे द्यायला नकोच होता. १९५२ च्या कायद्याप्रमाणे असे खटले फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतात. आरोपीचा अपिलाचा एक टप्पा आपल्याच आदेशाने गेला, आणि न्यायालयाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होता कामा नये. सगळं काढून टाकलं, परत विशेष न्यायाधीशांकडे.

मला हे वाचताना अंतुल्यांचा राग आला नाही, की नायकांची कीवही आली नाही. मला आठवले ते आमचे पहिले गॅरेजवाले, ज्यांनी वेळ वाचवायला म्हणून क्रँक उघडायचा टाळला आणि नुसता वरून रीबोअर करून दिला. गाडी दीडशे किलोमीटर चालली. मग सगळं परत उघडलं. घाई केली ती गाडीच्या भल्यासाठीच होती, हे मी आजही मान्य करतो.

तीच केस पुढे १० डिसेंबर १९९१ च्या निकालाने गाजली. जलद सुनावणी हा आरोपीचा हक्क आहे, पण त्याला वर्षांची ठरावीक मर्यादा घालता येणार नाही, उशीर कोणामुळे झाला तेही पाहायचं, असं पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. वकिलीचे विद्यार्थी आजही अंतुल्यांना मुख्यमंत्री म्हणून कमी आणि या निकालांमुळेच जास्त ओळखतात. अंतुले नंतर केंद्रात मंत्री झाले, २०१४ मध्ये वारले. नायकांची १९९४ मध्ये वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली.

जून

इंजिन बसलं. पॅकिंगला शेलॅक लावताना बोटं तीन दिवस चिकट होती. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवली, कंडेन्सर नवा, पेट्रोल-ऑइल लिटरला ४० मिली, कारण सध्या रनिंग-इन, म्हणजे नवा पिस्टन रुळवणं, चालू आहे. कार्बोरेटरमधली रबरं सगळी बदलली. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनी रबरं फुगतात, आणि टाकीला पाणी सुटतं ते वेगळंच. उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवा किंवा गच्च भरून ठेवा, अर्धवट नको.

किक. ज्यांनी कधी येझदी चालवली नाही त्यांना हे कसं सांगू? किक आणि गिअर एकाच दांडीवर. डाव्या पायाने दांडी आत दाबायची, मागे फिरवून उभी करायची, हाणायची, की ती आपोआप परत पुढे येऊन गिअरची दांडी होते. लहानपणी बाबांनी हे करताना पाहिलं की मला वाटायचं ते गाडीशी हस्तांदोलन करतात. तिसऱ्या किकेला पकडली. धूर निळसर, पातळ, दहा मिनिटांत गेला. दोन्ही सायलेन्सरमधून तो आवाज. गल्लीतले दोन आजोबा गॅलरीत आले, एकाने वरूनच विचारलं, "रोडकिंग ना?" आवाजावरून. गाडी त्यांना दिसत नव्हती.

मग पासिंग. बाबांच्या निधनानंतर गाडी माझ्या नावावर करायचा फॉर्म ३१, त्याआधी बाकी राहिलेलं पुनर्नोंदणीचं, त्याला पर्यावरण कर, त्याला पतपेढीच्या बोज्याची नोंद काढून टाकल्याचं पत्र. ती पतपेढी कधीच बंद पडली. तीन खिडक्या आणि प्रत्येक खिडकीला दुसऱ्या खिडकीची मंजुरी हवी. चौथ्या फेरीला मी हसायलाच लागलो. समोरच्या बाई म्हणाल्या, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, १९८४ चा एक निकाल आठवला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर काम मात्र भरभर झालं.

५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांची. माझ्या गाडीला २०३१ पर्यंत थांबावं लागेल, आणि थांबूनही मी ती घेणार नाही. त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. मला प्रदर्शनात उभं राहायचं नाहीये.

जुलै, जावा दिवसाच्या आदल्या आठवड्यात

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जगभर एकत्र जमतात, तिकडे जाईनच. पण पहिली लांबची फेरी गोरेगावची, एवढं ठरलेलं होतं.

पहाटे साडेपाचला निघालो. मुळशीपर्यंत चाळीसच्या वर नेली नाही, नवा पिस्टन. ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरलेले. समोरचं वळण दिसत नाही, पण आवाज कड्यावर आपटून परत येतो, त्यावरून कळतं डोंगर किती जवळ आहे. नवीन गाडीवर मला हे कधी कळलं नसतं. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ती जी ओढते, थ्रॉटल अर्धा, खाली कुठेतरी एक जाड स्थिर थरथर, तेवढ्यासाठी मार्चपासूनचे सगळे पैसे वसूल.

उतारावर सावध. टू-स्ट्रोक आहे. थ्रॉटल बंद करून इंजिनब्रेकवर उतरलात तर पेट्रोल बंद, म्हणजे त्यातलं ऑइलही बंद, आणि पिस्टन कोरडा पडतो. दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक झटका द्यायचा. बाबा हे करायचे तेव्हा मला वाटायचं ते मजेत करतात.

माणगावला वडापाव, लोणेरे फाट्यावरून आत, पुढे ओल्या भाताच्या वासाचा रस्ता. काका अंगणात उभेच होते, आवाज नदीपलीकडूनच ऐकू आला म्हणे. मी अर्जाची कार्बन कॉपी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून निळा १२ बघितला.

"बारा नव्हत्या," ते म्हणाले, "अकराच. बारावी आली ती पावसाळ्यात, बिनछपराच्या ट्रकातून."

मी स्टँडवर गाडी लावायला गेलो तर स्टँड मातीत रुतायला लागला. काकांनी पडवीच्या पायरीजवळ बोट दाखवलं. तिथे गोणीच्याच आकाराचा एक राखाडी दगड होता, वरून गुळगुळीत, कडेला अजून गोणीच्या विणीचे ठसे. चाळीस वर्षं त्यावर पाय धुतात.

"त्याच्यावर लाव," ते म्हणाले.