म्हातारपणाचा रियाज

ब्रिटिश अभिनेत्री मॅगी स्मिथ २७ सप्टेंबर २०२४ला गेली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडले. भाचरांनी हॅरी पॉटरमधल्या मॅकगोनागल बाईंचा टोकदार टोपीतला फोटो टाकला. मावशी-काकूंनी 'डाउन्टन अ‍ॅबी' मालिकेतल्या थोरल्या सासूबाईंच्या टोमण्यांच्या क्लिपा टाकल्या. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'अगदी आपल्या आजीसारखी होती, फटकळ!' कौतुकानंच लिहिलं होतं, पण मला ते पटेना. बाई मुळातच खाष्ट, म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर नेऊन बसवली की झालं, असा काहीसा सूर त्यात होता.

खरं तर म्हातारपणाचा रियाज तिनं तरुणपणीच सुरू केला होता. 'ट्रॅव्हल्स विथ माय आंट' हा १९७२चा सिनेमा. त्यातली ऑगस्टा मावशी सत्तरीच्या घरातली आणि मॅगी सदतीस वर्षांची. (आपल्याकडे विजयाबाई मेहता, मॅगीसारखाच १९३४चा जन्म, साधारण त्याच सुमारास 'संध्याछाया'त म्हाताऱ्या झाल्या होत्या.) ऑगस्टा मला फारशी आवडत नाही, हे सांगून टाकते. हात जरा जास्तच हवेत उडतात, आवाज उगाच चढतो. तरुण बाई म्हातारपण 'करून दाखवते' आहे, हे विसरता येत नाही. पुढे १९९१च्या 'हुक'मध्ये ती पीटर पॅनच्या गोष्टीतली, आता आजी झालेली वेंडी झाली, तेव्हा पात्राची नव्वदी उलटलेली आणि बाईंची साठीसुद्धा आलेली नाही. इथे मात्र हात शांत आहेत. पांढरे केस आणि सुरकुत्या रंगभूषाकार देतो, पण नुसतं नातवंडांकडे बघत बसणं काही तो देऊ शकत नाही.

त्यामुळे २०१०मध्ये 'डाउन्टन' सुरू झालं, तोवर या कामात तिची हयात गेली होती. टोमणे लेखकानं लिहून दिलेलेच होते. ते बाजूला ठेवून एक प्रसंग बघा. घराण्याचा वारस ठरलेल्या वकील मॅथ्यूच्या ऑफिसात सासूबाई येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि खुर्ची गर्रकन फिरते. एवढी मोठी टोपी, गळाबंद पोशाख, ताठ कणा, आणि बुडाखालची खुर्ची जुमानत नाही. बाई ओरडत नाहीत, हसत नाहीत. जणू कुणा नोकरानं उद्धटपणा केलाय, अशा नजरेनं त्या खुर्चीकडे बघतात. ही खुर्ची जेफरसन नावाच्या अमेरिकनानं शोधून काढली असं कळल्यावर विचारतात, रोजच्या रोज कुठल्या ना कुठल्या अमेरिकनाशी भांडण का होतं माझं? क्लिपेत बहुतेक वेळा एवढं वाक्यच येतं. खरी गंमत आधीच्या काही सेकंदांत आहे. जग आपल्याला न विचारता फिरायला लागलंय, हे त्या बाईला तिथे कळतं आणि ते कळल्याचं दाखवायचं नाही, हेही त्याच क्षणी ठरतं.

यातला विनोद असा, की स्वतः मॅगी स्मिथनं ती मालिका बघितलीच नव्हती. सगळ्या भागांचा संच घरी आहे, असं तिनं एका मुलाखतीत सांगितलं होतं.

'बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'मधली म्युरिएल खुब्याचं ऑपरेशन करायला जयपूरला येते, ती लोणच्यात मुरवलेली अंडी सामानात भरून. ज्याचं नाव मला उच्चारता येत नाही ते मी खात नाही, असा तिचा बाणा. वर्णद्वेषी आहे, उघडउघड आहे. आपल्यासारख्या भारतीय प्रेक्षकाला तिचा राग यायला हवा, आणि येतोही. पण चाकाच्या खुर्चीत बसून ती सगळ्यांकडे ज्या घाबऱ्या नजरेनं बघते, त्यानं राग पुरता टिकत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं घर सांभाळून शेवटी 'आता या' म्हटलं गेलेली बाई आहे ती. सिनेमा मला बेताचाच वाटला. पुढे सगळं फार झटपट गोड होतं.

'द लेडी इन द व्हॅन'मधली मिस शेपर्ड मात्र गोड व्हायला ठाम नकार देते. लंडनच्या कॅम्डन भागात लेखक अ‍ॅलन बेनेटच्या घरासमोरच्या जागेत ही बाई जुन्या व्हॅनमध्ये पंधरा वर्षं राहिली, ही खरी गोष्ट. मॅगीनं तिला १९९९मध्ये रंगभूमीवर उभं केलं आणि २०१५मध्ये पडद्यावर, म्हणजे एकदा चौसष्टाव्या वर्षी, एकदा ऐंशीव्या. सिनेमाचं चित्रीकरण बेनेटच्या त्याच घरी झालं. मिस शेपर्डच्या अंगाला वास येतो, ती आभार मानत नाही, आणि उपकार करणाऱ्यालाच आपण तिचे देणेकरी आहोत असं वाटायला लावते.

आणि २०१९मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, 'अ जर्मन लाइफ'. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या कार्यालयातली सेक्रेटरी ब्रुनहिल्ड पोम्सेल म्हातारपणी आठवणी सांगते आहे, एवढंच नाटक. दीडेक तास बाई एकटी, खुर्चीत बसून. मला काही माहीत नव्हतं, असं सांगणारी एक मवाळ आजी. आयुष्यभर प्रेक्षकाला आपलंसं करून घेण्याचं कसब इथे नेमकं उलटं कामाला येतं. बाई आवडायला लागते आणि मग आपलीच आपल्याला धास्ती वाटते.

पण एकच काही बघायचं म्हटलं, तर मी १९८८चं 'बेड अमंग द लेंटिल्स' सुचवेन. बीबीसीसाठी बेनेटनंच लिहिलेलं स्वगत. सुझन ही चर्चच्या पाद्र्याची बायको. नवऱ्याचा देवावर विश्वास, तिचा कशावरच नाही. फुलांची सजावट करणाऱ्या भक्त बायकांचा तिला वैताग, आणि ती गुपचूप दारू पिते, प्रसंगी चर्चमधली प्रसादाची वाइनसुद्धा. गावातल्या दुकानात उधारी झाल्यावर लीड्समध्ये रमेश नावाच्या भारतीय तरुणाच्या किराणा दुकानात जायला लागते. तिथे मागच्या कोठारात, डाळींच्या पोत्यांमध्ये, तिला पहिल्यांदा कुणीतरी माणूस म्हणून वागवतं. दारू का पितेस, हेही तोच विचारतो. हे सगळं मॅगी सांगते कसं, तर वाण्याची यादी वाचावी तसं. डोळे कॅमेऱ्यावर, आवाज सपाट, आणि शब्द संपल्यावर ओठांचा एक कोपरा किंचित खाली. इथे ना टोपी, ना टाळ्या घेणारं वाक्य. हिचीच पुढे थोरली सासू होते, असं मला वाटत राहतं: बोलायची धार तीच, फक्त इथे ती स्वतःवरच चालते.

शेवटी सुझन दारू सोडते आणि नवरा तिची ती कर्तबगारी आपल्याच नावावर खपवतो. रमेश दुकान विकून बायकोला आणायला भारतात जातो. बेनेटला पुढे त्याच्याशी कर्तव्य नाही, मॅगीही त्यावर एखाद्या वाक्यापलीकडे थांबत नाही. मी मात्र प्रत्येक वेळी तिथेच अडकते. त्या बायकोला इंग्लंडला आणल्यावर रमेशनं सांगितलं असेल का, की दुकानात येणाऱ्या त्या उंच गोऱ्या बाई कोण होत्या?