गरोदरपणातील वांग आणि चिठ्ठीशिवाय मिळणारे मलम

गरोदरपणात गालांवर आणि कपाळावर उमटणारा वांग संप्रेरकांमुळे येतो आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेकींचा तो फिका होतो, हे माझ्या धाकट्या जावेला कोणीच सांगितले नव्हते. त्यामुळे सहाव्या महिन्यात औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक मलम घरात आले. खोक्यावर बारीक अक्षरांत तीन घटक छापलेले होते : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. त्वचेवर लावलेल्या हायड्रोक्विनोनचा, म्हणजे डाग फिके करणाऱ्या घटकाचा, सुमारे ३५ ते ४५ टक्के भाग शरीरात शोषला जातो. ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले, ज्या कुळातील मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. मलमातून ट्रेटिनॉइन फार थोडे शोषले जाते हे खरे, तरीही केवळ डागांसाठी तेवढाही धोका पत्करू नये, असेच मला वाटते. तिच्या डॉक्टरांनी ते मलम बंद करून झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन दिले. मुरुमांसाठी किंवा वांगासाठी औषध लागलेच, तर अझेलिक आम्ल गरोदरपणातही चालते.

घटक वाचण्याची सवय मात्र ब्युटी पार्लरमधून मिळणाऱ्या बिननावाच्या ‘गोरेपणाच्या’ मलमांपुढे अपुरी पडते, कारण त्यांतला पारा खोक्यावर लिहिलेला नसतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील महिलांच्या मूत्रपिंडांना अशाच मलमामुळे इजा झाली होती. हा पारा वारेतून बाळापर्यंत पोहोचतो, म्हणून अशी मलमे या काळात घरातही ठेवू नयेत.

पोटात घेण्याच्या गोष्टींतही ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य मला धास्तावते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गरोदर महिलांच्या रक्तात शिसे आढळले होते. भस्मे, म्हणजे धातू भाजून केलेली पूड, असलेली औषधे म्हणूनच डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली, तर लोह नीट शोषले जात नाही.

अंगावर पाजत असताना स्तनाग्रांवर आणि बाळाचा गाल टेकतो त्या जागी कोणतेही औषधी मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. भेगांसाठी शुद्ध लॅनोलिन चालते आणि ते पाजण्यापूर्वी पुसावे लागत नाही.