रोग नव्हताच

"वेतावर रोग पडलाय, खोडं वरून वाळत चालली आहेत," असा निरोप आला आणि बुरशीचे नमुने घ्यायच्या तयारीनंच मी निघालो. लागवड कॅलॅमस टेन्युइसची होती. ईशान्य भारतापासून व्हिएतनामपर्यंत आढळणारा हा वेत खाण्याच्या कोंबांसाठी मुद्दाम लावतात. लाओस आणि थायलंडमध्ये तर त्याचे मळेच आहेत.

वेताच्या जाळीत शिरणं हीच पहिली परीक्षा. पानाच्या आवरणातून लांबलचक काटेरी चाबूक निघतो आणि त्यावरच्या आकड्या मागे वळलेल्या असतात. त्यांच्याच आधारानं वेत झाडावर चढतो. आपल्या शर्टाची बाहीही त्याला तेवढीच चालते. अडकलं की पुढे ओढायचं नाही, पाऊलभर मागे यायचं. हे ठाऊक असलेला माणूसही पुढेच ओढतो, हे वेगळं.

वाळलेलं पहिलं खोड वाकवून पाहिलं. डाग नाही, कूज नाही, किड्याचं भोक नाही. टोकाला मात्र कोयत्याचा तिरका, स्वच्छ घाव. पुढच्या बेटातही तेच.

सोबतच्या मजुराला एक कोंब काढायला सांगितला. काटेरी आवरणं एकेक करून सोलल्यावर हातभर कोंबातून बोटाएवढा पांढरा, कडवट गाभा उरला. वाढीचा बिंदू त्यातच असतो. वेत हा ताडाच्या कुळातला. खोडाचा हा शेंडा गेला की ते पुढे वाढत नाही. आहेत ती पानं काही दिवस तग धरतात, मग खोड वाळतं.

टेन्युइस बेटानं वाढतो, बुडातून फुटवे देतो, म्हणूनच त्याचे कोंब पुन्हा पुन्हा मिळतात. इथे मात्र फुटवा हाताशी आला की छाटला जात होता. अन्न तयार करणारं भरगच्च पानांचं खोडच शिल्लक नव्हतं. नवे फुटवे काडीएवढे. बी धरण्याचा प्रश्नच नाही. या वेतात नर-मादी झाडं वेगळी, आणि इथे एकही खोड फुलोऱ्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

बांधावर एक जाडजूड, एकखोडी जातीचा वेत होता. त्याचाही शेंडा कुणीतरी उडवला होता. त्याला फुटवा येणार नाही, तो गेलाच.

मालक औषधाचं नाव लिहून घ्यायला वही उघडून बसले होते. दर बेटात दोन-तीन जाड खोडं अजिबात कापू नका, असं सांगितलं. "बरं, पण फवारणी कसली करू?" त्यांनी विचारलं. शेवटी रंगाचा डबा मागवला आणि सोडायच्या खोडांवर पट्टे मारूनच निघालो.