धाप लागण्याआधी काटा सांगतो

पीक फ्लो मीटर म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारं, दम्यासाठीचं छोटं यंत्र. ते घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे एकच काम असतं, आपला स्वतःचा सर्वांत चांगला आकडा शोधायचा. तोही दमा आटोक्यात असताना. वय आणि उंचीवरून काढलेले छापील तक्ते मिळतात, पण डॉक्टर म्हणाले, "तक्ता राहू द्या, तुमची तुलना तुमच्याशीच." माझा आकडा निघाला 420, म्हणजे मिनिटाला 420 लिटर. त्याच्या 80 टक्के म्हणजे 336. त्याच्या वर हिरवा पट्टा. खाली 210 पर्यंत, म्हणजे निम्म्यापर्यंत, पिवळा. त्याहून खाली लाल, म्हणजे निळा पंप (श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारा) घ्यायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

फुंकायचं कसं, हे नीट शिकावं लागतं. उभं राहायचं, काटा तळाशी सरकवायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात फुंकायचं. फुगा फुगवतो तसं लांबवायचं नाही, कारण मोजला जातो तो सुरुवातीचा जोर. तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. मध्येच खोकला आला तर ती फुंकर धरायची नाही. हे सकाळी पंप घेण्याआधी आणि पुन्हा संध्याकाळी.

वही भरत गेली तसं दिसलं, सकाळचा आकडा संध्याकाळच्या खालीच असतो. दम्यात श्वासनलिका रात्री-पहाटे जास्त आवळतात. हा फरक वाढत चालला की समजावं, दमा हाताबाहेर जातोय. दसऱ्याआधी घर आवरायला काढलं, माळ्यावरची भांडी खाली आली, धूळ उडाली. त्या आठवड्यात सकाळचे आकडे 390, 360, 330, 310 असे उतरत गेले. धाप अजिबात नव्हती, जिनाही नेहमीसारखा चढत होते! आवळलेल्या नळ्यांची शरीराला हळूहळू सवय होते आणि आपण 'बरंय की' म्हणत राहतो. मला हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं.

पिवळ्या पट्ट्यात काय करायचं ते डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिलं होतं, तसं केलं आणि वही घेऊन गेले. एरवी "कसं वाटतंय?" इथून सुरुवात व्हायची. या वेळी त्यांनी आधी आकडे वाचले, मग रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाचा डोस वाढवला.

दोन मीटरांचे आकडे जुळतीलच असं नाही, म्हणून गावाला जाताना माझंच मीटर पिशवीत असतं. आणि धाप इतकी असेल की एक वाक्य सलग बोलता येत नाही, तर मीटर शोधत बसू नका, थेट दवाखान्यात जा.