तुम्ही विचारलंत म्हणून: मध्ययुगातल्या तुरुंगांचं मी कौतुक करतो का?

व्याख्यान संपलं की कुणीतरी उठतंच. ‘सर, तुम्ही मध्ययुगातल्या तुरुंगांना फारच सौम्य दाखवता.’ तळघर, साखळदंड, उंदीर, छळ यातलं काहीच मी सांगत नाही म्हणून लोक हिरमुसतात. छळ होत होता, मान्य. पण तुरुंगातल्या रोजच्या जगण्याबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

मी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या ‘ले स्टिंके’ या तुरुंगाबद्दल बोलतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उभा राहिला, तोही गावाबाहेर नाही, तर सांता क्रोचे चर्चजवळच्या भर वस्तीत. आत गुन्हेगारांबरोबर कर्जबुडवेही असत. बायकांसाठी वेगळा विभाग होता आणि बड्या घराण्यांतल्या लोकांसाठीही वेगळा. आत येताना शुल्क, बाहेर पडताना शुल्क. ज्याचं कुणी नाही त्याने गावाच्या दानधर्मावर जगायचं. फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हानी व्हिल्लानी आपली पेढी बुडाल्यावर 1346 मध्ये याच तुरुंगात जाऊन बसला होता. म्हणजे काल बाजारात ज्याला मान होता तो आज आत, आणि सगळ्या गावाला ते ठाऊक. कैदी गावाच्या नजरेआड गेलेला नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि सणाची सुटका. नाताळ, ईस्टर, 24 जूनचा सेंट जॉनचा उत्सव अशा दिवशी काही गरीब कैद्यांना मिरवत नेऊन संताच्या चरणी ‘अर्पण’ करत आणि सोडून देत. पूर्वी मी एका लेखात याला ‘शहराची माणुसकी’ म्हटलं होतं. लेख गाजला, मीही खूश होतो.

मग एका तालुक्याच्या गावी, वाचनालयात, हेच सांगत होतो. शेवटच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. हातात कापडी पिशवी, त्यात कागद. त्यांनी विचारलं, ‘सोडायचं कुणाला, हे कोण ठरवत होतं?’ मी म्हटलं, नगराचे अधिकारी. आणि समोरच्या पक्षाशी तडजोड झालेली असावी लागे. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे सणाची वाट बघायची, आणि वर ज्याने आत घातलं त्याच्याच पाया पडायचं.’ सभागृहात थोडं हसू पिकलं. त्या हसल्या नाहीत.

कार्यक्रम आटोपल्यावर चहाच्या टेबलाशी त्यांनी पिशवीतले कागद दाखवले. मुलाला जामीन मंजूर झाला होता. पण जामीनदार मिळत नव्हता. नातेवाइकांपैकी कुणी सातबारा द्यायला तयार नव्हतं. मुलगा आतच. दर महिन्याला कॅन्टीनसाठी मनीऑर्डर त्या करत, त्याला भेटायला जायचं तर एसटीचं भाडं वेगळं. ‘तुमच्या त्या गावात पैसे भरून सुटत होते, आमच्यात पैसे नाहीत म्हणून आत राहतात,’ त्या म्हणाल्या, ‘मग यात जुनं कुठलं आणि नवं कुठलं?’

मी काहीतरी ऐतिहासिक संदर्भांचं बोललो. त्यांनी कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवले आणि बस पकडायला गेल्या. मला तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. मी तुरुंगाचा इतिहास सांगायला आलो होतो, जामिनाची कैफियत ऐकायला नव्हे. पण आपल्याकडे तुरुंगातल्या दर चौघांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, असतात, हे मलाही माहीत होतंच. भाषणात मी ते कधी घेत नसे, कारण ‘विषयाबाहेर’.

तेव्हापासून ‘माणुसकी’ म्हणताना जीभ अडखळते. तरी संपूर्ण माघार मी घेणार नाही. फ्लॉरेन्समध्ये दया होती, तिची किंमतही मोजावी लागे, दोन्ही खरं. आज ले स्टिंकेच्या जागेवर नाट्यगृह आहे आणि आपले कैदी उंच भिंतीपलीकडे, त्यांच्या घरच्यांशिवाय कुणाच्या लक्षातही नसतात. कैदी असा नजरेआड केल्याने त्याचं भलं झालं, असं कुणी मला दाखवून दिलं, तर त्या लेखातला तो शब्द काढून टाकीन. अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि त्या बाईंना पुन्हा गाठून हे सांगायची माझी हिंमतही झालेली नाही.