शेवटचा डोस किती वाजता?

रविवार, रात्री उशिरा

"मला सांगायचंस ना, मी दिलं असतं."

नवरा एवढंच म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, टोमणाही नव्हता. उलट मदतीचीच भाषा होती, म्हणूनच जास्त लागलं असावं. सरळ भांडण झालं असतं तर निकाल तरी लागला असता. आता धाकट्याचा ताप उतरलाय, म्हणजे काळजीला सुट्टी आणि चिडायला सवड, आणि ते वाक्य नेमकं कुठे टोचतंय ते शोधत मी बसले आहे.

दिलं असतं म्हणजे काय? तापाचं औषध द्यायला अर्धं मिनिट लागतं. सिरिंज भरायची, मुलाला जरा उठवून बसवायचं, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. जिभेवर एकदम पिचकारी मारली तर ठसका लागतो नाहीतर सगळं अंगावर येतं. वर दोन घोट पाणी. झालं. त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी डोक्यात जे चालतं ते कुणाला दिसत नाही. आणि सांगायला बसलं, तर सांगण्यापेक्षा करून मोकळं होणं सोपं पडतं.

आधी वजन. डोस वयावरून अंदाजाने द्यायचा नसतो, वजनावरून काढायचा असतो. पॅरासिटामॉल एका किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये निदान ४ तास, ६ असले तर उत्तम, आणि २४ तासांत ४ डोसांच्या वर नाही. १२ किलोच्या मुलाला १५ च्या हिशेबाने १८० मिलिग्रॅम झाले. मग बाटली हातात घेऊन वाचायची. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असं लिहिलं असेल तर साडेसात मिली. ५ मिलीत २५० असेल तर साडेतीनच्या जरासं वर. आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब असतील, ज्यात एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात, तर दोन मिलीसुद्धा नाही. औषध तेच, बाटल्या मात्र एकीसारखी दुसरी दिसते. 'साडेसात' एवढंच लक्षात ठेवून कुणी २५० ची बाटली उचलली तर डोस दुपटीच्या वर गेला. थेंबांची उचलली तर चौपट. यकृताशी गाठ आहे, थट्टा नाही. म्हणून 'साडेसात मिली दे' ही अर्धीच सूचना असते. कुठल्या बाटलीतलं, हे सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. आणि चमचा म्हणजे स्वयंपाकघरातला चमचा नव्हे, त्यात किती मावतं ते प्रत्येक घरात वेगळं.

वर सर्दीचं मिश्र औषध. त्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच. नाक वाहतंय म्हणून ते एकाने दिलं आणि अंग गरम लागतंय म्हणून तापाचं दुसऱ्याने दिलं, तर दोघांनी आपापल्या परीने बरोबरच केलं, आणि मुलाच्या पोटात तेच औषध दोनदा गेलं.

हे सगळं कुणी कुणाला किती वाजता सांगायचं?

बरं, देणं सोपं म्हणावं इतकं न देणं अवघड आहे. काखेत ३८.३ अंश सेल्सिअस आहे, पण पोरगं खेळतंय, पाणी पितंय, चिडचिड नाही. तेव्हा औषध नाही दिलं तरी चालतं. ताप आजाराशी झगडणाऱ्या शरीराचाच असतो, औषध द्यायचं ते मुलाला जरा बरं वाटावं म्हणून. थर्मामीटरच्या आकड्याला औषध पाजायचं नसतं. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. तिथे ३८ दिसलं की घरी विचार करत बसायचं नाही, थेट डॉक्टर.) पण हे 'न देणं' बाहेरून बघणाऱ्याला निष्काळजीपणा वाटतो. आईंनाही वाटला. तो विषय जाऊ दे.

आणि दिल्यावर थांबायचं असतं. गुण यायला अर्धा-एक तास जातो, तेव्हाही ताप एखाद-दीड अंशच खाली येतो. ३९.५ चा ३८.४ झाला तर औषध लागू पडलंय. पंधरा मिनिटांनी हात लावून "काही फरक नाही, दुसरं देऊया का?" असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, मला खरंच कळत नाही. दुसरं म्हणजे आयबुप्रोफेन. त्याचा हिशेब वेगळा, किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांनी. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं असेल, कांजिण्या असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते नकोच. दोन्ही आलटून पालटून द्यायची तर दोन घड्याळं डोक्यात चालवायची, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो खेळ कशाला करायचा? ताप चढताना हातपाय गार पडतात, म्हणून दोन पांघरुणं घालू नयेत हेही एक. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी कुडकुडी आणू नये हे आणखी एक. पुसलंच तर कोमट पाण्याने. मुलाला नको असेल तर तेही नाही.

तर असं. घरात आजारपण आलं की मी नोंदवही होते. कुणीही यावं, पान उलटून बघावं. शेवटचा डोस किती वाजता? सू कधी केली? मागच्या वेळी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं? वहीला कुणी विचारत नाही की तुला झोप आली आहे का. माझ्या रजेबद्दल तर आज लिहायलाच नको.

हं. वाचून पाहिलं वरचं. भलतंच बिचारं झालंय प्रकरण.

न्यायाने बोलायचं तर तो काही टाळत नाही. त्याच्या मांडीवर औषध कमी सांडतं, हे दाराआडून बघताना मला फारसं आवडत नाही, तरी खरं आहे. आणि तो सिरिंज सरळ धरतो तेव्हा माझ्या तोंडून "गालाकडे, गालाकडे" निघतंच. ज्याला सतत किरकोळ कामं सांगितली जातात तो सांगकाम्या होणार, त्यात नवल काय? औषध दे, पाणी आण, थर्मामीटर कुठे आहे बघ. लक्ष ठेवणं, ठरवणं, लक्षात ठेवणं हे सगळं माझ्याकडे आणि शेवटचं अर्धं मिनिट त्याच्याकडे. वाटणीच चुकीच्या जागी पडली आहे. काम अर्धं करून दोघांत वाटता येत नाही, वेळ वाटता येते. रात्री एक ते पाच तुझा पोरगा, तुझा ताप, तुझा निर्णय. त्यात मी नाही.

त्यासाठी जे डोक्यात आहे ते कागदावर उतरवावं लागेल. फ्रिजवर एक कागद, चार रकाने: वेळ, औषध आणि मिली, ताप, शी-सू. वर ठळक अक्षरांत आजचं वजन, कारण लहान मुलाचं वजन दोन-तीन महिन्यांत बदलतं आणि आपण जुन्याच आकड्यावर मिली काढत बसतो. घरात तापाच्या औषधाची एकच तीव्रता ठेवायची, बाकीच्या बाटल्या बाद. बाटली फोडल्याची तारीख बाटलीवरच. अँटिबायोटिकची पावडर असेल तर आधी बाटली आपटून पावडर सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या खाली घालून हलवायचं, फेस बसला की खुणेपर्यंत भरायचं. फेसालाच पाणी समजून थांबलं तर औषध दाट होतं आणि प्रत्येक डोस जास्त जातो. तयार झाल्यावर ते किती दिवस टिकतं हे लेबलवर असतं, बरीचशी सातच दिवस. दर वेळी हलवून द्यायचं, नाहीतर पहिल्या दिवशी पातळ पाणी आणि शेवटी तळाचा गाळ.

रात्र दोघांनी जागवण्यात काही अर्थ नाही. सकाळी दोन थकलेली माणसं आणि मूल होतं तसंच. शिवाय मोठी. घरात एक आजारी असलं की दुसरीला आपण गृहीत धरतो, आणि तिचं पोट नेमकं तेव्हाच दुखायला लागतं. ते दुखणं खोटं म्हणवत नाही मला. असो.

म्हणून कागदाच्या खालच्या भागात, मला कधी उठवायचं ते. झोपेत श्वास मोजायचा, पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर उठव. आठ तासांत सू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, हलवूनही नीट जागा होत नाही, मान कडक वाटते, अंगावर पुरळ आहे आणि काचेचा ग्लास दाबूनही फिकं पडत नाही, तर उठव आणि गाडीची किल्ली घे. झटका आला तर आधी कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ, मग हाक मार. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल. थांबला तरी पहिला झटका डॉक्टरांना दाखवायचाच. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तेवढाच परत दे. त्यानंतर पडलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांब.

याखेरीज कशालाही उठवायचं नाही. थर्मामीटर सापडत नाही, हे कारण धरलं जाणार नाही. सिरिंज सरळ धरलीस तरी चालेल, मी बघणार नाहीये.

हा कागद त्याने वाचला. दोनच शंका विचारल्या, दोन्ही योग्य होत्या (मला जरा रागच आला त्याचा), आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: 'झोपणाऱ्याने सल्ला देऊ नये.' एक वाजल्यापासून तो. मोठीच्या शाळेची चिठ्ठी कुणी लिहायची ते मात्र अजून ठरलेलं नाही.